लातुरांतील ‘ऊर’

नांदेड जिल्ह्याच्या दक्षिणेकडील टोंकास देगलूर हें तालुक्याचें गांव आहे. तेथून तेलंगणाची हद्द अगदीं जवळ, आणि कर्नाटकाचीहि फारशी दूर नाहीं. लहानपणीं मामांच्या बोटाला धरून मी तेथील बाजारांत गेलों होतों. मिरच्यांच्या ढिगामागें बसलेल्या एका वृद्ध तेलंगी व्यापाऱ्यानें मामांकडे पाहून विचारलें, “मी ऊरु एदि?” ह्या तीन शब्दांपैकीं दोन आपणांस कळले असें मला वाटलें. ‘मी’ म्हणजे तो स्वतः, आणि ‘ऊर’ म्हणजे छाती. बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या छातींत कांहीं दुखत असावें अशी माझी समजूत झाली, आणि मीं हळूच म्हटलें, “मामा, ह्यांना वैद्याकडे न्यायचें का?” मामा मोठ्यानें हंसले. व्यापाऱ्यास त्यांनीं उत्तर दिलें, “मादि कंधार,” आणि मग मला समजावून सांगितलें कीं, तेलुगूंत ‘मी’ म्हणजे ‘आपलें’ आणि ‘ऊरु’ म्हणजे गांव; आपलें गांव कोणतें, एवढेंच त्या गृहस्थांनीं विचारलें होतें. कळलेले दोन्ही शब्द मला चुकीचे कळले होते, आणि न कळलेला ‘एदि’ तेवढा निरुपद्रवी ठरला होता.

ही गंमत मी विसरूनहि गेलों असतों. परंतु पुढें इतिहासाच्या अभ्यासाकडे वळल्यावर तोच शब्द मला निराळ्या ठिकाणीं, आणि पुष्कळ तापलेल्या आवाजांत, ऐकूं येऊं लागला. कोणी म्हणे, लातूर, देगलूर, चाकूर, निटूर, शिरूर हीं सारीं नांवें ‘ऊर’वर संपतात, तेव्हां हा मुलूख मूळचा कानडी, आणि मराठी माणूस येथें मागाहून आलेला. त्यास उत्तर देणारा म्हणे, छे, हा ‘ऊर’ म्हणजे संस्कृत ‘पुर’च होय, कानडीचा येथें कांहीं एक संबंध नाहीं. एखादा तिसरा उत्साही गृहस्थ ह्या दोघांनाहि मागें टाकून थेट इराकांतील ऊर नगरापर्यंत पोहोंचे. दोन अक्षरांच्या शब्दावर एवढा भार घालावा कीं नाहीं, ह्याचा विचार आज आपण करूं.

प्रथम आपल्या घरांतला ‘ऊर’ पाहूं. मराठींतील ‘ऊर’ हा संस्कृत ‘उरस्’ ह्या शब्दापासून आलेला आहे. मराठी माणसाचें सारें दुःख आणि सारा अभिमान जणूं ह्याच शब्दांत सांठविलेला आहे. आनंदानें ऊर भरून येतो, भीतीनें उरांत धडकी भरते, माणूस ऊर फुटेपर्यंत धांवतो, प्रेतापाशीं बायका ऊर बडवितात, आणि नको असलेला पाहुणा उरावर बसतो. सापाला ‘उरग’ म्हणतात तें तो छातीनें सरपटतो म्हणून. आतां गंमत अशी कीं, संस्कृतांतच ‘ऊरु’ असा दुसरा एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ मांडी. दुर्योधनाची मांडी फोडल्याची कथा ज्यांत आहे त्या भासाच्या नाटकाचें नांव ‘ऊरुभंग’. नारायण ऋषीच्या मांडींतून निघाली म्हणून ती उर्वशी, असें पुराण सांगतें. तिसरा ‘उरु’ म्हणजे विस्तीर्ण. मोठीं पावलें टाकणारा विष्णु तो ‘उरुक्रम’. आणि जेवणाच्या शेवटीं जें पातेल्यांत उरतें, त्या ‘उरणें’ ह्या क्रियापदाचा धातु मराठींत ‘उर’ असाच आहे. म्हणजे परक्यांच्या घरीं जाण्यापूर्वीं आपल्याच ओसरीवर ह्या एका आवाजाचे तीनचार भाडेकरू सांपडतात, आणि त्यांचें एकमेकांशीं नातें लावूं म्हटलें तर लागत नाहीं.

द्राविडी भाषांतील ‘ऊर’ ह्यांहून सर्वस्वी निराळा. तामिळ व मल्याळम् ह्या भाषांत ‘ऊर्’, कानडी व तेलुगूंत ‘ऊरु’. अर्थ सर्वत्र गांव, वस्ती. चोळ राजांच्या काळच्या शिलालेखांत तर ‘ऊर्’ म्हणजे गांवच्या शेतकऱ्यांची सभा असाहि अर्थ आढळतो. गांव आणि गांवचे लोक ह्यांत त्या भाषेनें भेद केला नाहीं. परंतु तेलुगूंतहि ‘ऊरु’ हा एकटा नाहीं. तेथें ‘ऊरु’ असें क्रियापदहि आहे, आणि त्याचा अर्थ पाझरणें. चिंच पाहून तोंडाला पाणी सुटतें तेव्हां तेलुगू माणूस हेंच क्रियापद वापरतो. कानडींत त्याच रूपाच्या क्रियापदाचा अर्थ घट्ट रोवणें, टेंकविणें असा होतो, आणि संस्कृतांतून उसना घेतलेला मांडीवाचक ‘ऊरु’ही कानडी पंडितांच्या लेखनांत असतोच.

ह्या दोन कुळांतील ‘ऊर’ एकमेकांना भेटले ते आपल्या लातूर-नांदेडच्या भागांत. त्या भेटीचा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा पुरावा लातूर हें नांवच होय. कर्नाटकांतील निलगुंद आणि शिरूर येथें राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष ह्याच्या काळचे इ. स. ८६६ मधील लेख आहेत. अमोघवर्ष मान्यखेटास, म्हणजे हल्लींच्या कलबुर्गी जिल्ह्यांतील मळखेड येथें, राज्य करीत असे. परंतु ह्या लेखांत त्याला ‘लट्टलूरपुरा’चा स्वामी असें बिरुद दिलें आहे. आपलें मूळ घराणें जेथून आलें त्या गांवाचें नांव सम्राट् झाल्यावरहि ह्या राजांनीं टाकलें नाहीं. हें लट्टलूर म्हणजेच आजचें लातूर, हें मत आतां बहुतेक विद्वानांनीं मान्य केलें आहे. खुद्द लातुरांत मात्र गांवाचें जुनें नांव ‘रत्नापूर’ असल्याचें सांगतात, आणि सिद्धेश्वराच्या जोडीला तेथें रत्नेश्वरहि आहे. नांवाला अर्थ हवा असतो, आणि तो हरवला कीं लोक दुसरा शोधून आणतात. ‘रत्नापूर’ हा मला तसाच प्रकार वाटतो.

‘लट्टलूरपुर’ ह्या शब्दाकडे अंमळ थांबून पाहण्यासारखें आहे. त्यांत ‘ऊर’हि आहे आणि ‘पुर’हि आहे, म्हणजे ‘लट्टल-गांव-गांव’ असा हा प्रकार झाला. लातुरांतील ‘ऊर’ हा संस्कृत ‘पुर’चाच अपभ्रंश असें म्हणणाऱ्यांच्या वाटेंत ही एक धोंड आहे. झिजलेल्या ‘पुरा’वर लोक पुन्हा नवें ‘पुर’ चढवीत नाहींत असें नाहीं. परंतु कानडी जाणणाऱ्या दरबारांत, जेथें ‘ऊर’ म्हणजे गांव हें शेंबड्या पोरालाहि ठाऊक, तेथें हें नांव ‘ऊर’ म्हणूनच उच्चारलें जात असलें पाहिजे.

राष्ट्रकूटांचा वाद सर्वांस माहीत आहे. चिंतामणराव वैद्यांनीं त्यांना मराठे ठरविलें. अनंत सदाशिव आळतेकर हे स्वतः मराठी. त्यांनीं १९३४ सालीं राष्ट्रकूटांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत हें घराणें लातूरचें खरें, पण त्याची मातृभाषा कानडी, असा निर्णय दिला. आपल्या लोकांस रुचेल तें न लिहितां जें दिसलें तें लिहिणें, हा आळतेकरांचा गुण मला त्यांच्या निर्णयाहूनहि मोलाचा वाटतो. अमोघवर्षाच्याच दरबारांत इ. स. ८५० च्या सुमारास ‘कविराजमार्ग’ हा कानडींतील उपलब्ध ग्रंथांपैकीं सर्वांत जुना ग्रंथ झाला, आणि त्यांत कानडी देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. गोदावरी म्हणजे आपल्या नांदेडचा घाट. कवीनें थोडी अतिशयोक्ति केली असें धरलें तरी देगलूर-लातुरांतून त्या काळीं कानडी ऐकूं येत असे, हें नाकारतां येत नाहीं.

परंतु म्हणून ‘ऊर’नें संपणारें प्रत्येक गांव कानडी ठरवूं लागलों तर तीहि चूक होईल. प्राकृत भाषांचा एक प्रसिद्ध नियम आहे. हेमचंद्राच्या व्याकरणांत तो स्पष्ट दिला आहे. शब्दाच्या मध्यें दोन स्वरांत सांपडलेले क, ग, च, ज, त, द, प, य, व हे वर्ण बहुधा गळून पडतात. ‘नूपुर’ ह्याचें प्राकृतांत ‘नेउर’ होतें तें ह्यामुळेंच. मग समासाच्या शेवटीं येणाऱ्या ‘पुर’चा ‘प’ गळाला, तर मागें ‘उर’च राहणार! नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोंकाचें माहूर पाहा. त्याचें जुनें नांव मातापूर सांगतात. ‘त’ गेला, ‘प’ गेला, उरलेल्या स्वरांत एक ‘ह’ येऊन बसला, आणि ‘माहूर’ झालें. ह्यांत ओढाताण मुळींच नाहीं. म्हणजे लातुरांतला ‘ऊर’ दक्षिणेकडून आलेला, माहुरांतला ‘पुरा’चा झिजलेला, आणि कानाला दोन्ही एकच. शिरूर तर दोहोंकडून साधतें: ‘श्रीपुर’ म्हणा किंवा कानडी ‘सिरि’ आणि ‘ऊरु’ म्हणा. जुना लेख हातीं लागल्याखेरीज अशा गांवाचा निकाल देऊं नये, आणि कोणी देत असेल तर ऐकूं नये.

मराठीनें ह्या घोटाळ्यांत आणखी भर घातली आहे. आपल्या लेखनाच्या वळणाप्रमाणें अकारान्त शब्दाच्या शेवटून दुसरें ‘उ’ दीर्घ होतें, आणि विभक्ति लागली कीं ऱ्हस्व. ‘ऊर’, पण ‘उरांत’. ‘लातूर’, पण ‘लातुरांत’. उरस् असो, पुर असो, कीं द्राविडी ऊर असो, मराठीनें तिघांनाहि एकच अंगरखा शिवला.

देगलूर ह्या नांवाची मला जी उपपत्ति सुचते ती सांगतों. कानडींत ‘देगुल’ म्हणजे देऊळ. हें ‘देगुल’ आणि आपलें ‘देऊळ’ हीं दोन्हीं संस्कृत ‘देवकुल’ ह्या एकाच शब्दाचीं लेंकरें. कानडीनें ‘क’चा ‘ग’ केला, मराठीनें तो गिळला. तेव्हां देगलूर म्हणजे देवळांचें गांव असावें. देगलुराजवळ होट्टल येथें चालुक्यकालीन सुंदर देवळें आहेत, हें लक्षांत घेतां ही उपपत्ति जागेलाहि शोभते. मग त्या गांवच्या नांवाला मराठीचा ‘कर’ लागला आणि ‘देगलूरकर’ हें नांव पंढरीच्या वारकऱ्यांत सर्वतोमुखीं झालें. संस्कृत देवकुल, कानडी ऊर आणि मराठी कर. कीर्तनास बसलेल्या कोणालाहि ह्यांत कांहीं जोडकाम दिसलें नाहीं.

भाषेची सीमा पुढें हळूहळू दक्षिणेकडे सरकली. तेराव्या शतकांत चक्रधरस्वामींनीं आपल्या शिष्यांना कानड देशांत व तेलंग देशांत जाऊं नका, महाराष्ट्रांत राहा, असें सांगितलें. म्हणजे हे तीन देश निराळे आहेत ही जाणीव तोंपर्यंत स्पष्ट झाली होती. तरी ती भिंत नव्हती. होट्टल, करडखेड, येरगी ह्या देगलूरकडील गांवांतून कानडी शिलालेख मिळाले आहेत, आणि श्रीनिवास रित्ती व शेळके ह्या दोघांनीं ते १९६८ सालीं नांदेडच्या शिलालेखांच्या संग्रहांत छापले. मामांच्या कंधारास अजून ‘जगत्तुंग समुद्र’ नांवाचा तलाव आहे. जगत्तुंग हें राष्ट्रकूटांचें बिरुद. तेथें गुरें पाण्यावर नेणाऱ्याला तें ठाऊक असो वा नसो.

आतां त्या तिसऱ्या उत्साही गृहस्थांकडे वळूं. इराकांत फरात नदीच्या काठीं ऊर नांवाचें सुमेरी लोकांचें प्राचीन नगर होतें. लेनर्ड वुली ह्यांनीं १९२२ ते १९३४ पर्यंत तें खणून काढलें. ‘ऊर म्हणजे गांव, तेव्हां तेथें आपलेच लोक!’ हा तर्क मोहक आहे. शिवाय त्याला एक खरा आधार दाखवितां येतो. सिंधु संस्कृतीच्या धर्तीच्या मुद्रा त्या नगरांत सांपडल्या आणि गॅड ह्यांनीं १९३२ सालीं त्या प्रसिद्ध केल्या. व्यापार होता ह्यांत संशय नाहीं. पण व्यापार होता म्हणून शब्दहि एक, हें त्यावरून येत नाहीं. सुमेरी भाषेंत त्या नगराचें पूर्ण नांव ‘उरिम’ असें होतें. आपण ‘ऊर’ म्हणतों तें झिजलेलें रूप. आणि सुमेरींत ‘उर’ असा स्वतंत्र शब्दहि आहे, पण त्याचा अर्थ कुत्रा, आणि माणसांच्या नांवांत वीर किंवा सेवक! ख्रिस्तपूर्व २१०० च्या सुमारास त्या नगराचा ‘उर-नम्मू’ नांवाचा मोठा राजा होऊन गेला; त्याच्या नांवांतला ‘उर’ हा त्याच्या राजधानीचा नव्हे, तर नम्मू देवीच्या सेवकाचा.

ह्याच नगराच्या नांवावरून शब्दसाम्याचा एक मोठा चमत्कार घडला. हिब्रू भाषेंत ‘ऊर’ म्हणजे ज्वाला, अग्नि. बायबलांत अब्राहाम हा खाल्डियनांच्या ऊरमधून बाहेर निघाला असें आहे. पुढील यहुदी पंडितांनीं त्याचा अर्थ ‘खाल्डियनांच्या अग्नींतून’ असाहि लावला, आणि अब्राहामास भट्टींत टाकलें असतां तो सुखरूप निघाला ही कथा त्या शब्दाभोंवतीं वाढली. इस्लामी परंपरेंत हीच कथा इब्राहीमची म्हणून आली. उर्दू काव्यांत नमरूदाच्या आगीचा उल्लेख ऐकतांना नांदेडच्या किंवा उदगीरच्या रसिकाला कल्पनाहि नसेल कीं, ह्या आगीची एक ठिणगी ‘ऊर’ ह्या शब्दांतून उडालेली आहे.

आणखी दूर गेलों तर हंगेरीच्या भाषेंत ‘ऊर’ म्हणजे धनी, स्वामी. आपण नांवापुढें ‘राव’ लावतों तसा तेथें तो लावतात. फ्रान्स आणि स्पेन ह्यांच्या सीमेवरील बास्क लोकांच्या भाषेचें जगांतल्या कोणत्याहि भाषेशीं नातें सिद्ध झालेलें नाहीं. त्या भाषेंत ‘उर’ म्हणजे पाणी. जर्मनींत घड्याळाला जो शब्द आहे त्याचा उच्चार ‘ऊर’ असाच, शेवटचा ‘र’ जेमतेम ऐकूं येणारा. छाती, गांव, कुत्रा, ज्वाला, धनी, पाणी, घड्याळ! ह्यांतून एक सूत्र काढून दाखविणारे लोक आहेत. मीं त्यांचीं पत्रें वाचलीं आहेत.

असें कां होतें, ह्याचें उत्तर अंकगणितांत आहे. एखाद्या भाषेंत ऱ्हस्वदीर्घ मिळून दहा स्वर आणि तीस व्यंजनें आहेत असें समजा. एक स्वर व त्यापुढें एक व्यंजन अशा घडणीचे शब्द तिला सारे तीनशेंच करतां येतील. जगांत सुमारें सात हजार भाषा आहेत, आणि प्रत्येकीला छाती, पाणी, गांव ह्यांसारख्या रोजच्या वस्तूंसाठीं आंखूड शब्द हवे असतात. तेव्हां आंखूड शब्द एकमेकांवर आदळणारच. न आदळते तर नवल. नातें ठरवावयाचें तें एका शब्दावरून नव्हे, तर ध्वनींच्या नियमित बदलांवरून. फ्रान्सिस एलिसनें १८१६ सालीं आणि कॉल्डवेलनें १८५६ सालीं द्राविडी भाषांचें कुल वेगळें दाखविलें तें शब्दांमागून शब्द, प्रत्ययांमागून प्रत्यय ताडून पाहून. देऊळ आणि देगुल ह्यांचें नातें आपण पाहिलें तें अशाच एका बदलाच्या आधारानें.

उलट जे कानाला मुळींच सारखे लागत नाहींत तेच कधीं सख्खे निघतात. जर्मनांचें घड्याळ तो ‘ऊर’ हा लॅटिन ‘होरा’चा वंशज, आणि लॅटिन ‘होरा’ ग्रीकांकडून आलेला. त्याच ग्रीक शब्दावरून आपल्या ज्योतिषांतला ‘होरा’ आला. म्हणजे बर्लिनचें घड्याळ आणि आमच्या जोशीबुवांचा होरा हे चुलतभाऊ, आणि आमचा ‘ऊर’ व जर्मन ‘ऊर’ मात्र अगदीं परके. ‘अहोरात्र’ ह्या शब्दाचें पहिलें आणि शेवटचें अक्षर काढलें कीं ‘होरा’ राहतो, असें कांहींचें मत वराहमिहिरानें बृहज्जातकांत नोंदलें आहे. परका शब्द घरचा करून दाखविण्याची हौस अशी जुनी आहे, आणि ती विद्वानांनाहि सुटलेली नाहीं.

ही हौस निरुपद्रवी असती, तर मीं आपला एवढा वेळ घेतला नसता. १९५६ सालीं हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. बीदर जिल्ह्यांतून उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके इकडे आले. देगलूर तालुका इकडे राहिला, पण त्यांतील जुक्कल आणि बिचकुंदा हीं मंडळें तिकडे गेलीं. मुधोळ, भैंसा, कुबेर हींहि गेलीं. किनवट आदिलाबादेकडून आलें, आणि माहूर त्याच्याबरोबर. ही वांटणी करतांना कोणत्या भागांत कोणती भाषा बोलणारे किती, ह्याकडे मुख्यतः पाहिलें गेलें, आणि तेंच योग्य होतें. गांवाच्या नांवाचें शेंपूट पाहून वांटणी करावयाची म्हटली असती, तर वारकऱ्यांचें देगलूर कोठें गेलें असतें?

आजोबांची धाकटी बहीण जुक्कल भागांत दिलेली होती. वांटणीनंतर तिचें माहेर एका राज्यांत आणि सासर दुसऱ्यांत पडलें. अंतर पूर्वीं होतें तेवढेंच. सणावाराला ती बैलगाडींतून येई, आणि तिचीं मुलें आमच्याशीं भांडतांना अर्धीं वाक्यें तेलुगूंत बोलत. तिला ‘मी ऊरु एदि’ म्हणून विचारलें तर ती सासरचें नांव सांगे. मराठींत ‘तुमचं गाव कंचं’ म्हणून विचारलें, कीं माहेरचें.

होट्टलचीं देवळें पाहावयास देगलुराहून सहज जातां येतें. तेथील शिळा वाचतां आल्या नाहींत तरी पाहून याव्या. मात्र वाटेंत मिरच्या विकणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्यानें ‘मी ऊरु एदि’ म्हणून विचारलें, तर वैद्याची चौकशी करूं नये. आपल्या गांवाचें नांव सांगावें.